जागेवर परत

वयाची पन्नाशी उलटल्यावर मनुष्याने नवे काही शिकू नये, असा एक अलिखित संकेत आपल्या समाजात आहे. सकाळी काठी घेऊन फिरावयास जावे आणि पूर्वीचे प्राध्यापक कसे होते हे तरुण सहकाऱ्यांना ऐकवावे, एवढेच व्यवसाय त्या वयाला शोभतात. आम्ही मात्र चौपन्नाव्या वर्षी हातात बॅडमिंटनची रॅकेट घेतली. निमित्त डॉक्टरांचे झाले. "रोज तासभर घाम गाळा," असे त्यांनी बजावले. चंद्रपुरात त्यासाठी निराळा खटाटोप करावा लागत नाही, मे महिन्यात नुसते खुर्चीवर बसूनही ते कार्य साधते, हे आमचे म्हणणे त्यांनी हसून सोडून दिले.

हा खेळ आम्हाला अगदीच अपरिचित होता असे नाही. लहानपणी अंगणात दोन खांबांना दोरी बांधून आम्ही तो खेळत असू, आणि त्या पिसांच्या चेंडूला 'फूल' म्हणत असू. त्याचा इतिहासही आम्हाला ठाऊक होता. 1870 नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत आणि काही काळ त्याला 'पूना' असेच म्हणत. पुढे इंग्लंडातील बॅडमिंटन नामक सरदारवाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. आमच्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी 1956 साली मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकली, आणि परदेशात विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. सारांश, खेळाविषयी व्याख्यान द्यावयास सांगितले असते तर आम्ही पाऊण तास सहज बोललो असतो. खेळता मात्र येत नव्हते. विद्वानांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते.

आम्ही जेथे जातो त्या बंदिस्त क्रीडागृहात पहाटे साडेपाचला दिवे लागतात. पंखे लावता येत नाहीत. कारण सोळा पिसांच्या आणि जेमतेम पाच ग्रॅम वजनाच्या त्या फुलाला पंख्याची झुळूकसुद्धा वाट चुकविते. फुलाचा स्वभावही हवेप्रमाणे पालटतो. उन्हाळ्यातील तापलेली हवा विरळ असते, म्हणून फूल लांब उडते, आणि पौषात मारलेला जो फटका रेषेच्या आत पडला असता तोच वैशाखात बाहेर जातो. यासाठी फुलांच्या डब्यावर वेगाचे आकडे असतात. आकडा लहान तितके फूल मंद. शिवाय कोरड्या हवेने पिसे ठिसूळ होऊन मोडतात, तेव्हा आदल्या रात्री डब्यात थोडी वाफ कोंडून ठेवावी लागते. ही सगळी माहिती आम्हाला तेथे झाडलोट करणाऱ्या आणि रिकाम्या वेळी नवशिक्यांना शिकविणाऱ्या एका तरुणाने दिली.

आमचे शिक्षणही त्याच्याकडेच सुरू झाले. प्रथम त्याने आमची मूठ सैल केली. रॅकेट एखाद्याशी हस्तांदोलन करावे तशी हलकेच धरावी आणि फूल लागण्याच्या क्षणीच आवळावी, असा त्याचा पाठ. आम्ही ती काठीसारखी धरीत होतो. नंतर अंग आडवे करून, कोपर उंच ठेवून, फूल डोक्याच्या किंचित पुढे असतानाच मारून पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत धाडणे. मग तोच आविर्भाव ठेवून शेवटच्या क्षणी हात मऊ करून ते जाळीलगत टाकणे. मग उलट्या हाताचा फटका, ज्यात अंगठ्याने रॅकेटच्या मुठीला रेटा द्यावयाचा असतो. हा शेवटचा फटका आम्हाला अद्यापि साधलेला नाही. बाकीचे तीन-चार महिन्यांत बरे जमू लागले, आणि तरीही आम्ही हरत होतो.

एके दिवशी आम्ही वैतागून विचारले, "अरे, आता कोणता फटका चुकतो आहे?"

तो म्हणाला, "फटका चुकत नाही, सर. तुम्ही मारता आणि तिथेच उभे राहून पाहता. परत येत नाही. म्हणून पुढच्याला उशीर होतो."

त्याने खडूने जमिनीवर एक फुली काढली. एकेरीत आपल्या वाट्याला बावीस फूट लांब आणि सतरा फूट रुंद एवढी जमीन येते. तिच्या मध्यावर उभे राहिले तर कोणताही कोपरा चौदा फुटांच्या आत असतो. पण एका कोपऱ्यात आपल्याच फटक्याचे कौतुक करीत रेंगाळले, तर समोरचा कोपरा अठ्ठावीस फुटांवर जातो. म्हणून फटका मारला की मध्याकडे परतावे, आणि प्रतिस्पर्ध्याची रॅकेट फुलाला लागते त्या क्षणी पायांवर एक लहानशी उडी घेऊन कोणत्याही दिशेला निघण्यास सिद्ध असावे. हिशेब शाळकरी मुलालाही कळेल असा होता. आमच्या पायांना तो कळण्यास आणखी तीन महिने लागले.

दुहेरीत हाच धडा अधिक कठीण होतो, कारण तेथे जागा जोडीदाराशी वाटून घ्यावी लागते. आमचे जोडीदार गणिताचे प्राध्यापक. आपण चढाईत असलो तर एकाने जाळीजवळ आणि दुसऱ्याने मागे राहावे. फूल उंच देऊन बचावावर आलो तर दोघांनी शेजारी शेजारी व्हावे, हा नियम. आम्ही दोघे एक तर एकाच फुलावर धावून एकमेकांच्या रॅकेटी ठणकावीत असू, नाही तर मधोमध आलेले फूल "आपण घ्या" अशा सौजन्याने जमिनीवर पडू देत असू. मधले फूल डाव्या बाजूस उभ्या असलेल्या उजवखोऱ्याने घ्यावे, कारण ते त्याच्या सुलट हाताला येते, एवढे ठरविल्यावर आमची मैत्री आणि रॅकेटी दोन्ही वाचल्या.

असो. हे सारे लिहिण्याचे कारण निराळेच आहे.

पावसाळ्यातल्या एका सकाळी दुसरे कोणी आले नव्हते. बाकावर बसलो असता आम्ही त्या तरुणाला त्याचे गाव विचारले. गाव भामरागडच्या पुढे, गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला. घरची भाषा माडिया. मराठी आश्रमशाळेत शिकला, आणि तेथून चंद्रपूरला महाविद्यालयात आला. कोणत्या, असे विचारताच तो क्षणभर थांबून म्हणाला, "तुमच्याच, सर. पहिल्या वर्षाला इंग्रजीत राहिलो."

आम्हाला त्याचा चेहरा आठवेना. एका वर्गात शंभरावर मुले असतात, अशी सबब आम्ही मनाशी केली. त्याला मात्र सारे आठवत होते. घरच्या परीक्षेत आम्ही त्याला नापास केले, विद्यापीठाच्या परीक्षेत दुसऱ्या कोणी केले, आणि तिसऱ्या खेपेला तो बसलाच नाही. त्याच्या उत्तरपत्रिकेवर जागोजाग तांबड्या शाईने एकच शेरा होता : वाक्यरचना चुकीची. त्याने तक्रारीचा सूर लावला नाही. झाडू उचलून तो जमीन झाडू लागला.

त्या दिवशी घरी परतताना आम्ही आमचा तीस वर्षांचा हिशेब मांडला. माडिया आणि मराठी या दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत ते मध्यावर उभे असते. जो मुलगा दोन्ही भाषांत शेवटाकडे धावावयास शिकला, त्याला मध्यावर ये असे कोणी सांगितले नव्हते. आम्ही तर सांगितले नव्हतेच. फूल कोठे पडले एवढेच आम्ही तांबड्या शाईने दाखवीत राहिलो. तो कोठे उभा होता हे कधी पाहिले नाही. आमचा फटका चुकला तेव्हा त्याने आमचे पाय पाहिले. शिक्षक कोण, असा प्रश्न पडल्यास उत्तर अवघड नाही.

पुढे एकदा त्याने मोहाच्या फुलांची हकीकत सांगितली. चैत्रात ती पहाटे गळतात. त्याची आई झाडाखाली धावपळ करीत नाही. फुले गळू लागण्यापूर्वीच झाडाखालचा पालापाचोळा काढून जागा स्वच्छ करून ठेवते, म्हणजे मग वेचणे सोपे जाते. आम्ही ऐकत राहिलो.

यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ही निबंध तपासण्याआधी प्रत्येक मुलाला घरी कोणती भाषा बोलतो हे विचारले. अकरा मुलांनी गोंडी किंवा माडिया असे सांगितले. तीस वर्षांत हा प्रश्न आम्ही प्रथमच विचारला, हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिणे भाग आहे. त्या अकरा जणांना घेऊन आठवड्यातून दोनदा आम्ही केवळ वाक्यातील जागा शिकवितो.

त्या तरुणालाही आम्ही परीक्षेचा अर्ज पुन्हा भरण्याविषयी सुचविले. खेळ आटोपल्यावर अर्धा तास बाकावर बसू, असेही म्हटले. तो हसून म्हणाला, "आधी तुमचा उलटा हात होऊ द्या, सर." हा नकार होता की मुदत, हे आम्हाला कळले नाही. अर्ज त्याने अद्यापि भरलेला नाही. आमच्या पिशवीत फुलांच्या डब्याशेजारी व्याकरणाचे एक पातळ पुस्तक मात्र रोज असते.