मामांचं देणं

माझी आई जगली ती डॉक्टरांमुळे, आणि डॉक्टरांपर्यंत पोचली ती मामांमुळे. मामा रक्ताचे नव्हते. हट्टा गावातले आमचे शेजारी, आईचे मानलेले भाऊ, वारी न चुकवणारे माळकरी.

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तेव्हा कुणी अंगारा आणला, कुणी देवऋष्याचं नाव काढलं, कुणी औंढ्याला नागनाथाच्या अभिषेकाचं सुचवलं. आई म्हणायची, "मागच्या जन्मीचं भोगतेय मी." मामा म्हणाले, "अक्का, भोग असंल तर वाटून घेऊ. पांडुरंगाचं नाव गाडीत बसून घे. नागनाथाला बरं झाल्यावर जाऊ."

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं आम्ही मुंबई गाठली. १९४१ साली सुरू झालेलं परळचं टाटा रुग्णालय उपचार देतं. पण किरणांचा शेक आठवडेच्या आठवडे चालतो आणि तोवर गरिबानं राहायचं कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं आम्हाला आसरा दिला. कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठीच ती चालते. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) आयुष्यभर कीर्तनातून नवस-बळींवर कोरडे ओढले. जमलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. रोग्याला औषधोपचार हे त्यांच्या दशसूत्रीतलं एक कलम. त्या कलमाच्या आधारानं आम्ही तिथं राहिलो.

शेकामुळे आईला जुलाब लागले. मला शाळेसाठी गावी परतावं लागलं, बाबा रानात अडकलेले. आईची लुगडी मामांनी धुतली, पेज भरवली, संध्याकाळी हरिपाठ म्हटला. शेजारच्या खाटेवरच्या पोराचे अब्बा नमाजानंतर आईसाठीही दुवा मागायचे, आणि मामा त्या पोरासाठी पांडुरंगाला साकडं घालायचे. आई हे सगळं नंतर आम्हाला सांगायची, आणि भोगाचं नाव मात्र तिनं पुन्हा काढलं नाही.

आजार कुणाच्या पापाचा, हे शोधणारी श्रद्धा रोग्याला एकटं पाडते. त्याचं अंथरूण बदलणारी श्रद्धा त्याला जगायचं बळ देते. मामांची श्रद्धा ही दुसरी होती.

बरी झाल्यावर आई त्यांच्यासोबत नागनाथाला जाऊन आली. मामा आता नाहीत. त्यांनी आमच्याकडून कधी पैसा परत घेतला नाही. म्हणून गावातलं कुणी टाटाला निघालं, की मी त्याचे रिपोर्ट लावून देतो, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक आठवणीनं पिशवीत ठेवतो, आणि सोबतीला कुणी नसेल तर स्वतः गाडीत बसतो.