नक्षीवरचा ओरखडा

माझ्या रिव्हॉल्व्हरवर कानस कुणी चालवली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कळून तरी काय केलं असतं म्हणा. पण राग जात नाही.

ही रिव्हॉल्व्हरं उडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. काडतूस येण्याआधीच्या, ठासून भरायच्या, टोपीवर बार उडणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या शोभेच्या प्रतिकृती जमवायचा मला नाद आहे. नळी आतून बुजवलेली, टोपी बसवायची जागा भरीव, अंग जस्ताच्या मिश्रधातूचं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी खेटे घालून एकेक मिळवली. निवृत्त मास्तरला हे काय सुचलं, असं गाव म्हणतं. म्हणू दे.

त्यातली लाडकी म्हणजे 1851 च्या कोल्ट नेव्हीची प्रतिकृती. मूळ रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर समुद्रातली लढाई कोरलेली असे : टेक्सास आणि मेक्सिकोची जहाजं, 16 मे 1843. ते चित्र ऑर्म्सबी नावाच्या, नोटांचे ठसे कोरणाऱ्या कारागिराचं. माझ्या प्रतिकृतीतही जहाजांची शिडं, दोरखंड, धुराचे लोट भिंगाखाली सुटे दिसायचे. धाराशिव जिल्ह्यात समुद्र कुठला? मी तो त्या बोटभर नळकांड्यावर बघायचो.

खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांच्या रांगेत तीही पूजेला मांडली. शेजारच्या पोराने फोटो काढून स्टेटसला टाकला. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन : "गुरुजी, जरा येऊन जा. ते घेऊन या."

पिशवीत घालून घेऊन गेलो. टेबलावर ठेवली. एकाने उचलून माझ्यावरच रोखली आणि हसला. मी म्हणालो, "साहेब, नळीत काडी घालून बघा, आत जातच नाही." काडी कुणी घातली नाही. एकाने लोहचुंबक लावलं. जस्ताला ते चिकटेना, तर त्याचाच संशय आला. "लोखंड नाही, मग आहे तरी काय?" मी हात जोडून म्हणालो, "साहेब, खेळणं आहे हो, खेळणं!" तेव्हा म्हणाले, ठेवून जा, खात्री करून देतो.

परत मिळाली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सिलिंडरवर आडवा, नखाएवढा रुंद पट्टा घासलेला. वरचा काळपट मुलामा गेलेला, खाली फिक्कट करडा धातू. दोन जहाजं अर्धी गायब. धातू कोणता ते बघायला कानस मारली म्हणे. मारायचीच होती तर मुठीच्या बुडाला मारायची, तिथे कुणाला दिसणार होतं? सपाट जागा सोडून नेमक्या नक्षीवरच कशी चालते कानस? मी विचारलं, तर उत्तर आलं, "गुरुजी, तुम्हीच म्हणाला ना, खेळणं आहे!"

यावर काय बोलणार?

त्यांचंही खरं आहे. गावठी कट्टे सापडल्याच्या बातम्या रोजच्या झाल्यात. फोटोत खरी-खोटी ओळखायची कशी? त्यांनी बोलावलं नसतं तर मीच म्हणालो असतो, पोलीस झोपलेत काय. तरीही कानस पटत नाही.

घरचे विचारतात, मारायच्या वस्तूला नक्षी कशाला? मग मुलुख-मैदान तोफेला कशाला होती? 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ आपल्याच परंड्याच्या किल्ल्यावर होती, 1632 मध्ये ती विजापूरला गेली. तिचं तोंड म्हणजे जबडा वासलेलं श्वापद, दातांत हत्ती. आणि जपण्याचं म्हणाल, तर तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपलेल्या वस्तूंचंच आज सरकारी संग्रहालय झालंय. माझी जस्ताची रिव्हॉल्व्हरं त्या पंगतीत बसणार नाहीत, हे मला कळतं. पण नाद तोच.

असा नाद असलेल्यांना सांगतो : पावती जपा, पूजेचे फोटो पोरांना काढू देऊ नका. खरं जुनं हत्यार असेल तर 1959 चा शस्त्र कायदा वाचा. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या घाटाच्या हत्याराला कलम 45 मध्ये सूट आहे. उडू शकणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला मात्र परवाना लागतोच. आणि तपासणाऱ्यांना एकच विनंती : नळीत काडी घालून बघा, नक्षीला कानस लावू नका.