ज्येष्ठेच्या शेजारचा अंधार

वैशाखातली अमावास्या. धाराशिवहून एसटीने आम्ही बेंबळीला बहिणीकडे आलो होतो. जेवणे उरकल्यावर कॅमेरा, तिपाई आणि भाचीला घेऊन शेताकडे निघालो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अवसंच्या रातीला पोरीला घेऊन कुठं निघालाव?"

भाची ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मली. ‘थोरल्या दिराला वाईट’ म्हणून तिचे ठरत आलेले लग्न मोडले. मोडणारे घर आपल्याच समाजातले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेले! म्हणून तिला ती ज्येष्ठाच दाखवायची होती.

मध्यरात्री दक्षिणेला वृश्चिकाचा विंचू वर आला. त्याच्या छातीतला लालसर तारा म्हणजे ज्येष्ठा. कॅमेरा तिपाईवर बसवून पाच-पाच सेकंदांचे दीडशे फोटो घेतले. जास्त वेळ झडप उघडी ठेवली तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे लांबट उमटतात. घरी येऊन संगणकावर सारे फोटो एकावर एक जुळवले, तेव्हा ज्येष्ठेच्या पूर्वेला काळे पट्टे स्पष्ट दिसले. जणू तिथले तारे कुणी पुसून टाकले!

पूर्वी अशा जागांना आकाशातली भोके समजत. अमेरिकेतला बार्नार्ड हा गरीब घरचा मुलगा. नवव्या वर्षी तो फोटो स्टुडिओत कामाला लागला, शाळा जेमतेम दोन महिने. पुढे तो मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला. तासन्‌तास फोटो घेऊन त्याने १९१९ मध्ये अशा १८२ काळ्या जागांची यादी छापली. ती भोके नव्हेत. मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारे धूळ आणि वायूचे ढग आहेत.

ज्येष्ठेजवळच्या या ढगात तारे जन्म घेत आहेत. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये त्याच्या एका भागाचा फोटो दिला, त्यात सुमारे ५० तरुण तारे आहेत. अंतर सुमारे ३९० प्रकाशवर्षे. म्हणजे त्या फोटोतला उजेड शिवराय लहान असताना तिथून निघालेला!

भाची बराच वेळ फोटो पाहत राहिली. मग म्हणाली, "मामा, एवढ्या लांबून ती माझ्या दिराचं काय वाईट करणार?"

जातकात एक कथा आहे. नक्षत्र वाईट म्हणून वरपक्ष ठरल्या दिवशी गेलाच नाही; मुलीकडच्यांनी तिचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले. वाट पाहणारे तसेच राहिले.

बंधू-भगिनींनो, स्थळ पाहताना मुलामुलीचे शिक्षण पाहा, शील पाहा. चोरून काढलेली पत्रिका चुलीत घाला. आमच्या भाचीने आपली तशीच घातली.

जयभीम!