कुंडीतला वृक्ष आणि बेटावरचे अरण्य

आम्ही इतिहास शिकवितो. म्हणून समोरची वस्तू आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे विचारण्याची आम्हांस सवय आहे. आसेगावसारख्या गावीही आता शाळेच्या वा घराच्या दाराशी कुंडीत दिसणारे ‘ख्रिसमस ट्री’ हे झाड असेच दुरून आलेले आहे. त्याचे खरे नाव नॉरफोक आयलंड पाइन. याच नावाखाली पुष्कळदा न्यू कॅलेडोनियातील त्याचा भाऊबंदही विकला जातो. नावात पाइन असले तरी चीड-देवदाराच्या कुळाशी त्याचे नाते नाही. त्याचे कूळ अरौकेरियाचे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस व न्यूझीलंडच्या वायव्येस प्रशांत महासागरात असलेले नॉरफोक बेट जेमतेम 35 चौरस किलोमीटरचे. 1774 मध्ये कॅप्टन जेम्स कुक तेथे पोहोचला. सरळसोट खोडे पाहून त्याला जहाजांच्या डोलकाठ्या दिसू लागल्या. 1788 मध्ये इंग्रजांनी तेथे वसाहत वसवून कैदी नेले. लाकूड डोलकाठीस कुचकामी ठरले. तरी शेतीसाठी व बांधकामासाठी कैद्यांच्याच हातून अरण्य तोडले गेले. सत्तेला वृक्षात केवळ लाकूड दिसले आणि माणसात केवळ राबणारे हात. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वेठ वाहिली, त्या आम्हांला ही दृष्टी अनोळखी नाही.

आज हा वृक्ष जगभरच्या बागांत नि कुंड्यांत असंख्य आहे. तरीही निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. कारण ती नोंद करताना त्याच्या मायभूमीतील अरण्याची स्थिती पाहिली जाते. त्या अरण्यात याच वृक्षाच्या बिया खाणारा, बेटाबाहेर कोठेही न आढळणारा हिरवा पोपट राहतो. आपल्या दारातील कुंडीपाशी तो कधी येणार नाही. रोप जगते, त्याच्याभोवतीचा संसार मात्र बेटावरच जगतो वा मरतो.

समाजाचा हिशेबही असाच चुकतो. आमच्यातील काही जण विद्यापीठांत, कचेऱ्यांत पोहोचले, की ‘आता तुमचे बरे चालले आहे’ असे ऐकविले जाते. दिवाणखान्यांतील कुंड्या मोजून अरण्य सुखरूप असल्याचा निर्वाळा देण्यासारखेच हे आहे. ज्या वस्तीतून आमच्या वसतिगृहात मुले येतात, तेथील शाळेची, पाण्याची, रोजगाराची स्थिती पाहिल्यावाचून प्रगतीचा आकडा लिहिता येत नाही.

येथून शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा हिशेब स्वतः मांडावा, एवढीच आमची अपेक्षा.