विजेत्यांचं प्रायश्चित्त

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. पण त्यानंतर नॉर्मन बिशपांनी जिंकलेल्या सैनिकांनाच प्रायश्चित्त सांगितलं, हे वाचल्यापासून ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रणात माणूस मारला असेल, तर दर माणसामागे एक वर्ष. घायाळ केलेला जगला की मेला हे ठाऊक नसेल, तर चाळीस दिवस. किती मारले याचा हिशेबच नसेल, तर जन्मभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर एखादं चर्च बांधून द्यायचं. पोपच्या दूतानेही याला मान्यता दिली. विल्यमचा गादीवरचा हक्क मान्य होता. तरी रक्त सांडल्याचं पाप उरलंच.

पुरती तीस वर्षंही लोटली नाहीत. १०९५मध्ये क्लेरमाँच्या धर्मसभेत पोप अर्बन दुसरा याने जाहीर केलं, की जेरुसलेम सोडवायला जाणं हेच सगळ्या पापांचं प्रायश्चित्त. अट एकच, मान किंवा धनाचा लोभ नको. मला खरी भीती वाटते ती या अटीची. युद्धात हेतू शुद्ध हवा, असं संत ऑगस्टीन सांगून गेला होता, ते हिंसेला लगाम म्हणून. इथे त्याच शुद्ध हेतूची टाच झाली. जुलै १०९९मध्ये जेरुसलेम पडलं, तेव्हा मुसलमान आणि यहुदी यांची सर्रास कत्तल झाली. पुढे क्लेर्व्होच्या बर्नार्ड या मठाधिपतीने टेम्पलर या लढाऊ धर्मसंघाच्या सरदारांना समजावलं, की दुष्टाला मारणं म्हणजे माणूस मारणं नव्हे, दुष्टपणा मारणं. टेम्पलरांचा संघ मोडला, तेव्हा पोर्तुगालात त्यांची मालमत्ता ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या नव्या संघाकडे गेली. त्याच संघाचा क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज पुढे आपल्या किनाऱ्याला लागले.

उताराही त्याच धर्मशास्त्रातून आला. सोळाव्या शतकात सालामांकाच्या फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने बजावलं, की धर्म वेगळा असणं हे युद्धाचं न्याय्य कारण नव्हे. ऐकणारे थोडे होते, पण बोलणारा पाद्रीच होता.

म्हणून, धर्म कोणताही असो, युद्धाला कोणी पवित्र म्हणू लागला तर त्याला एवढंच विचारा : जिंकल्यावर आपल्या माणसांना प्रायश्चित्त काय सांगणार? उत्तर नसेल, तर त्याच्यामागे जाऊ नका.