कचरा आलाय

जुनी मोटरसायकल कुणी ढकलत आणली की आमच्या धंद्यात एक वाक्य तोंडावर तयार असतं, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय.’ गिऱ्हाइकाला ते पटतं, कारण कचरा कुठे नसतो? मिस्त्रीलाही सोयीचं, कारण कार्बोरेटर उघडला की काही ना काही निघतंच. डोंबिवली पूर्वेला तीस वर्षं गॅरेज चालवतोय, हे वाक्य किती वेळा बोललो त्याचा हिशेब नाही. पण त्यातल्या बऱ्याच वेळा मी आधी बघितलं नव्हतं, नुसतं बोललो होतो.

गिऱ्हाइकांतल्या एका काकांची हीरो होंडा सीडी १०० आली तेव्हाही तसंच झालं. ९७.२ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, १९८५ साली बाजारात आलेलं मॉडेल. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात गाजली होती. काका विसरणाऱ्यातले नव्हते. नोकरीभर घर ते स्टेशन, गाडी स्टँडवर, मग लोकल. निवृत्त झाल्यावर गाडी बिल्डिंगखाली उभी राहिली, पण दर रविवारी फडकं आणि पॉलिश चुकायचं नाही. टाकी कायम गळ्यापर्यंत भरलेली. अर्धी टाकी आतून गंजते, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

त्यांची मुलगी ठाण्यात, नौपाड्याला. माणकोलीचा पूल झाल्यापासून शिळफाट्याचा वळसा वाचतो म्हणून काका पुन्हा गाडी काढू लागले. एका सकाळी म्हणाले, “मिस्त्री, पुलावर बंद पडली. वीस किका मारल्या, ढिम्म. अर्ध्या तासाने आपली आपण सुरू झाली.”

‘अर्ध्या तासाने’ हे शब्द मी ऐकले आणि सोडून दिले. टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारली, वास घेतला. महिनोन्महिने साठलेल्या पेट्रोलचा वास उग्र राहत नाही, जुन्या वार्निशसारखा तेलकट होतो. तसा थोडा आला. म्हटलं, कचरा.

कार्बोरेटर उघडला. बाऊलच्या तळाला तपकिरी गाळ होता, स्लो जेट अर्धा बुजलेला. हा जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा तुकडा, त्याला अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोक. इंजिन सुरू होणं आणि रेसशिवाय चालत राहणं याच भोकावर. चोक ओढल्यावर चालते आणि आत ढकलला की मरते, अशी गाडी असेल तर नव्वद टक्के हाच बुजलेला. नवीन पोरं त्यात स्टीलची तार घालतात, त्याने भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. मी वायरीतला तांब्याचा एक केस घेतो, हवा मारतो आणि जेट उजेडाकडे धरून बघतो. भोक गोल दिसलं पाहिजे, नुसतं उघडं दिसून भागत नाही. एअर स्क्रू काढण्याआधी तो किती वेढे बाहेर आहे ते मोजून ठेवतो. हे सगळं नीट केलं. एका किकमध्ये सुरू. पैसे घेतले.

आठ दिवसांनी गाडी टेम्पोतून आली.

या खेपेला मी पेट्रोलवर आळ घेतला. आळ अगदीच खोटा नव्हता. २०२२च्या जूनपर्यंत पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, २०२५ मध्ये वीस टक्के. उसापासून आणि धान्यापासून बनणारं हे इथेनॉल पाणी ओढून घेतं. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे हवाच ओली. पूर्वी टाकीत पाणी गेलं की तळाला वेगळं बसायचं. आता थोडं पाणी पेट्रोलमध्येच विरतं, आणि मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी जातात. जुन्या गाड्यांचे रबरी वॉशर त्यात फुगतात. बाऊलचं पॅकिंग काढलं की परत खाचेत बसत नाही.

पाणी बघायची माझी सवय २००५ची. २६ जुलैला उल्हास नदी गावांत शिरली, त्यानंतर कित्येक दिवस बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या बुडालेल्या गाड्या येत होत्या. लोक किक मारमारून आणायचे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढा, मग किक, असं ओरडून घसा बसला होता. तेव्हापासून रंग नसलेल्या बाटलीत पेट्रोल उतरवायचं, पाच मिनिटं ठेवायचं आणि तळ बघायचा.

काकांच्या बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. तरी जुनं पेट्रोल उपसलं, पेट्रोलच्या कॉकची जाळी धुतली, पॅकिंग बदललं. एका किकमध्ये सुरू. पुन्हा पैसे घेतले.

तिसऱ्यांदा काका काही बोलले नाहीत. गाडी स्टँडला लावली आणि बाकावर बसले. ते बसणं मला फार लागलं.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पेट्रोल वरून खाली येतं, तर शोधही वरून खाली. स्पॅनर लांब ठेवला. दहा किका मारून प्लग काढला, कोरडा ठणठणीत. ओला असता तर पेट्रोल पोचतंय, दोष करंटचा किंवा पेट्रोल ओव्हर होतंय. कोरडा म्हणजे वाटेत कुठेतरी अडलंय. कॉक बघितला. हसू नका, बंद कॉकवर गाडी ढकलत आणणारे दर महिन्याला एक-दोन असतात. तो चालू होता. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली. धार आली, चांगली जाड. मी वळणार एवढ्यात ती बारीक झाली, मग थेंब, मग थेंबही थांबला. टाकी तर काठोकाठ.

गॅरेजातला पोरगा म्हणाला, “उस्ताद, टाकीत बघू?” आणि त्याने झाकण फिरवलं. सुस्स असा आवाज झाला. बाटलीत धार पुन्हा सुरू झाली.

झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा त्यातून आत यावी लागते, नाहीतर आत पोकळी होते आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. भरलेल्या टाकीत मोकळी हवा जेमतेम, म्हणून पोकळी लवकर होते. चार-पाच किलोमीटरवर गाडी मरते. उभी राहिली की कुठून तरी हवा झिरपते आणि अर्ध्या तासाने ती आपली आपण सुरू होते. काकांनी पहिल्याच दिवशी निदान सांगितलं होतं. झाकण उलटं करून बघितलं, भोकात पांढरं, वाळून दगड झालेलं पॉलिश होतं. कित्येक रविवारांचं.

आणि माझ्या गॅरेजात ती दोन्ही वेळा लगेच का सुरू झाली? कारण आल्याआल्या मी झाकण उघडून वास घेत होतो. रोग्याला बरं करून मग मी त्याचं ऑपरेशन करत होतो.

१ एप्रिल २०२०ला बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला. आता तोच पोरगा स्कॅनर लावतो, पडद्यावर दोषाचा नंबर येतो. चांगलंच आहे. पण ‘कधी बंद पडते आणि किती वेळाने सुरू होते’ हे मी त्याला अजूनही आधी विचारायला लावतो. गिऱ्हाईक उत्तर देत असताना हातात पाना धरायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. तो मी स्वतःसाठी केला.

काकांच्या झाकणाचं भोक सुईने मोकळं केलं, दोन मिनिटं लागली. दोन्ही वेळचे पैसे परत दिले. एका वेळचे त्यांनी खिशात टाकले. दुसऱ्या वेळचे पोराच्या हातात ठेवून म्हणाले, “झाकण यानेच उघडलं ना?”