डी ड्राइव्हची वाटणी

आमच्या नगर जिल्ह्यात ‘वाटणी’ म्हटलं की माणूस आधी वकील गाठतो. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण बांधावरची भांडणं जुन्याच जोमाने चालू आहेत. माझ्या वाटणीचा तंटा मात्र सावेडीच्या राहत्या घरात झाला, आणि तोही कॉम्प्युटरच्या पोटात.

त्याच्या डिस्कचे दोन हिस्से होते. ‘सी’ विंडोजचा, ‘डी’ आमचा. डीमध्ये लग्नाचे फोटो, विम्याचे कागद आणि आईच्या जात्यावरच्या ओव्या. १९८६ साली पारनेरच्या घरी, उसन्या टेपरेकॉर्डरवर मी त्या घेतल्या होत्या. पुढे कॅसेटवर बुरशी दिसू लागली म्हणून त्या कॉम्प्युटरवर चढवल्या आणि कॅसेट रद्दीवाल्याला देऊन टाकली. त्याने ती वजनातही धरली नाही.

तर सी भरला. तो वाढवायला गेलो, तर वाढवायचं बटणच मलूल पडलेलं, कारण पलीकडे डीची भिंत. शेजारीच ‘डिलीट’ होतं. मशीनने इशारा दिला, एकदा विचारलंही. बँकेचा फॉर्म सही करताना आपण जितका वाचतो तितका मी तो वाचला आणि ‘येस’ दाबलं. डी गेला. त्याच्या जागी एक काळा पट्टा आला : ‘अनअलोकेटेड’. म्हणजे गायरान.

“आईंच्या ओव्या त्यातच होत्या ना हो?” ही म्हणाली.

“नाही. म्हणजे, हो.”

त्यावर ती काहीच बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

निदान रिकामा का होईना, डी परत करावा म्हणून मी तिथे नवा हिस्सा पाडून फॉरमॅट करायच्या बेतात होतो, तेवढ्यात शेजारचा इंजिनीअरिंगचा मुलगा दारातूनच ओरडला, “काका, हात लावू नका!”

मग त्याने समजावलं. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सच्या तुकड्यात ६४ बाइट्सची एक यादी असते. चार हिस्सेदार, प्रत्येकाला सोळा बाइट्स. माझ्या ‘येस’ने त्यातली सोळा बाइट्सची एक नोंद तेवढी पुसली गेली होती.

“म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव खोडलं, पण ज्वारी शेतात उभी आहे?”

“बरोबर. फक्त कुणी नांगर घालायच्या आत काढायची.”

नांगर म्हणजे नवं काहीही लिहिणं. आणि मी तर बैल जुंपूनच बसलो होतो!

त्याने पेनड्राइव्हवर ‘टेस्टडिस्क’ आणलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १९९८ पासून रचलेलं आणि चक्क फुकट. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र औषधाला नाही. विंडोज आपल्या हिस्स्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी तिचीच नक्कल अशा दोन खुणा पुरून ठेवतं म्हणे. हा मोजणीदार साखळी घेऊन तेच हद्दीचे दगड शोधत निघाला. अर्ध्या शिवारात पोचला आणि वीज गेली. यूपीएस दोन मिनिटं केकाटून गप्प झाला. पुन्हा पहिल्या बांधापासून मोजणी.

संध्याकाळी पडद्यावर नावं उमटली. त्यात ‘आई-ओव्या’. मुलाने सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि मगच पुसलेली नोंद पुन्हा लिहिली. मी मात्र सगळं उतरेपर्यंत थांबलोच नाही. ती एक फाइल लावायला लावली. आधी जात्याची घरघर, मग आई. चौथ्या ओवीला ती मध्येच थांबते आणि म्हणते, “अरे, सेल जळतील, बंद कर ते.”

आता त्या ओव्यांची एक पेनड्राइव्ह हिने देव्हाऱ्यात ठेवली आहे. रोज हळदकुंकू वाहते. परवा तो मुलगा म्हणाला, “काकू, निदान टोपण तरी लावत जा.”